पावसाळ्यातही चालेल असा रॅम्प : कोकणातील महाविद्यालयाची जुनी इमारत व्हीलचेअरसाठी खुली कशी करावी

कोकणात सपाट जागेवर उभे असलेले महाविद्यालय क्वचितच आढळते. कुठे सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, कुठे डोंगराच्या उतरणीत माती तासून, तर कुठे खाडीकाठच्या भरावावर आपल्या इमारती उभ्या आहेत. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून जोते दोन-अडीच फूट उंच घेतलेले असते, त्यापुढे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) चार-पाच पायऱ्या असतात, आणि रस्त्यापासून आवारापर्यंत येणारी वाट पुष्कळदा पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांचीच असते. ही रचना पावसाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. परंतु व्हीलचेअरवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला ती फाटकापाशीच थांबवते. असा विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हा दोन मित्रांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर नेणे हीच सोय समजली जाते. तसे उचलणे धोक्याचे आहे आणि अपमानकारकही आहे, शिवाय ओल्या पायरीवर तिघेही एकदम पडू शकतात.

प्राचार्य, बांधकाम समितीचे सदस्य, स्थानिक अभियंते आणि प्रत्यक्ष काम करणारे गवंडी या सर्वांना उपयोगी पडावे म्हणून हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यात भर जुन्या इमारतींवर आहे, कारण नव्या इमारतीचा नकाशा सुगमतेचे (दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे) निकष पाळल्याशिवाय मंजूर करू नये, असे कायद्यातच सांगितले आहे. खरा प्रश्न तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतींचा आहे.

एक अनुभव आधी सांगणे भाग आहे. मी ज्या बांधकाम समितीवर होतो, त्या संस्थेत बाहेरून तपासणी समिती येणार म्हणून एप्रिलमध्ये दोन आठवड्यांत रॅम्प बांधला गेला. गवंड्याने वर सिमेंटची घोटाई इतकी सुबक केली की सगळ्यांनी त्याचे कौतुक केले, आणि त्या कामाच्या बिलावर माझीही सही आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच गुळगुळीत पृष्ठभागावर शेवाळ धरले, एका विद्यार्थ्याची खुर्ची मागे घसरली, आणि त्यानंतर रॅम्पच्या तोंडाशी साखळी लावून वर कुंड्यांची रांग मांडण्यात आली. उन्हाळ्यात आखलेला, उन्हाळ्यात मोजलेला आणि उन्हाळ्यातच तपासून पास केलेला रॅम्प कोकणात टिकत नाही. पुढील सर्व सूचनांच्या मागे हाच धडा आहे.

पाहणी कशी करावी

काम रॅम्पपासून सुरू करू नये. वाटेपासून सुरू करावे. विद्यार्थी रिक्षातून किंवा एसटीतून जिथे उतरतो तिथपासून फाटक, आवार, प्रवेशद्वार, कार्यालयाची खिडकी, वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, उपाहारगृह आणि शौचालय अशी संपूर्ण वाट एका कागदावर रेखाटावी. या वाटेत एकही पायरी, एकही अरुंद दार किंवा एकही उघडे गटार राहिले तर आधीचा सारा खर्च वाया जातो. रॅम्प आहे, पण शौचालय दोन पायऱ्या खाली आहे, अशा इमारती मी अनेक पाहिल्या आहेत. तिथे मुले-मुली सकाळपासून पाणी न पिता दिवस काढतात.

पाहणीच्या वेळी व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती बरोबर असलीच पाहिजे, आणि ती महाविद्यालयाची विद्यार्थी नसेल तर गावातून बोलवावी. चालत्या माणसाला रिकामी खुर्ची ढकलून जे कळते ते पुरेसे नसते. बरोबर मोजपट्टी, गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि वही ठेवावी. १२ मिलिमीटरपेक्षा जास्त उंचीचा प्रत्येक अडथळा, ९० सेंटिमीटरपेक्षा कमी मोकळी रुंदी असलेले प्रत्येक दार आणि जिथे खुर्ची वळवायला १.५ मीटर व्यासाची जागा मिळत नाही असा प्रत्येक कोपरा वहीत लिहावा. ही पाहणी दोनदा करावी : एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात. पाणी कुठे साचते, कोणत्या बाजूने झड आत येते, कोणते दार फुगून अडकते, हे दुसऱ्या पाहणीतच दिसते.

रॅम्पचे गणित

उंची डोळ्यांनी ठरवू नये. पाण्याच्या नळीचे एक टोक जोत्याच्या पातळीला व दुसरे, रॅम्प खाली जिथे संपणार त्या जागी धरले की दोन्हींतील फरक अचूक मिळतो. उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र असू नये. म्हणजे १ सेंटिमीटर चढण्यासाठी किमान १२ सेंटिमीटर लांबी लागते. १५ सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या असतील तर उंची ७५ सेंटिमीटर होते आणि उताराची लांबी ९ मीटर. वर आणि खाली प्रत्येकी १.५ मीटरची सपाट जागा धरली तर सरळ रेषेत १२ मीटर हवेत. एका सलग टप्प्याची लांबी ९ मीटरपेक्षा अधिक ठेवू नये. उंची जास्त असेल तर मध्ये १.५ मीटरचा सपाट विसावा देऊन पुढचा टप्पा घ्यावा. समोर तेवढी जागा नसेल तर विसाव्यावरून उलट दिशेला वळणारा रॅम्प भिंतीलगत बसवता येतो.

हे झाले किमान माप. माझे स्वतःचे मत असे आहे की कोकणात जागा असेल तिथे १:१५ धरावे, कारण ओल्या हातांत चाकाची कडी घसरते आणि कोरड्या दिवशी जमणारा चढ पावसात जमत नाही. वरच्याच उदाहरणात १:१५ साठी सव्वाअकरा मीटर लागतील, म्हणजे अवघे सव्वादोन मीटर जास्त. याउलट “जागाच नाही” म्हणून १:८ चा रॅम्प करण्याचा मोह पुष्कळ ठिकाणी होतो. असा रॅम्प माल चढवण्याच्या कामाचा असतो. एकट्या माणसाला तो चढता येत नाही आणि उतरताना तर खुर्ची ताब्यात राहत नाही. जागा खरोखरच नसेल तर उभा चढणारा छोटा प्लॅटफॉर्म-लिफ्ट बसवावा किंवा दुसरे प्रवेशद्वार शोधावे.

काम झाल्यावर उतार तपासण्याची सोपी युक्ती अशी : १२० सेंटिमीटर लांबीची सरळ पट्टी घेऊन तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला टेकवावे, पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून ती आडवी समपातळीत आणावी आणि खालच्या टोकाशी पट्टी व जमीन यांतील अंतर मोजावे. ते १० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरले तर उतार १:१२ पेक्षा तीव्र आहे. तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण रॅम्पच्या तळाशी घाईघाईने उरकलेला शेवटचा एक-दीड फूट बहुतेक वेळा जास्त तीव्र असतो. शेवटचा हप्ता देण्यापूर्वीच हे मोजमाप करावे.

रुंदी कठड्यांच्या आतून मोजून किमान १.२ मीटर असावी. एकाच वेळी दोन खुर्च्या किंवा खुर्ची आणि चालणारी माणसे जाणार असतील तर १.८ मीटर. कडेने चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना तीन इंच उंचीची बांधीव कड ठेवावी.

पृष्ठभाग, शेवाळ आणि गंज

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि या पावसात शेवाळ धरणार नाही असा पृष्ठभाग जवळजवळ नाहीच. उघडा जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवतो आणि हिरवा होतो. पॉलिश केलेला कोटा, कडाप्पा किंवा चकचकीत टाइल तर ओली झाली की काचेसारखी होते. म्हणून रॅम्पचा भराव चिऱ्याचा असला तरी वरचा थर काँक्रीटचा असावा, आणि तो ओला असतानाच त्यावर कडक झाडू उताराला आडवा ओढून बारीक रेघा पाडाव्यात. गवंड्याला घोटाई करू नये हे स्पष्ट शब्दांत आणि शक्य तर लेखी सांगावे, कारण त्याच्या दृष्टीने गुळगुळीत काम म्हणजेच चांगले काम. खोल खाचाही पाडू नयेत. त्यांत माती भरते आणि व्हीलचेअरची पुढची लहान चाके अडखळतात.

पाणी बाजूला निघून जावे म्हणून आडवा ढाळ द्यावा, मात्र तो १:५० पेक्षा जास्त नसावा, अन्यथा खुर्ची एका बाजूला ओढली जाते. छपराची पागोळी रॅम्पवर पडत असेल तर आधी पन्हळ लावावी. रॅम्पच्या खालच्या टोकाला जे गटार आडवे जाते त्यावरची जाळी ही कोकणातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे : तिच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा रुंद नसाव्यात आणि पट्ट्या जाण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात. पट्ट्या दिशेला समांतर असल्या की पुढचे चाक फटीत अडकते आणि बसलेली व्यक्ती तोंडावर पुढे फेकली जाते.

जून ते सप्टेंबर या काळात दर पंधरा दिवसांनी रॅम्प ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून भरपूर पाण्याने धुवावा. हे काम कोणाच्या सवडीवर न सोडता एका कर्मचाऱ्याच्या नावावर लिहून द्यावे आणि त्याची तारीखवार नोंद ठेवावी. गणपतीच्या सुट्टीनंतर महाविद्यालय उघडते त्या दिवशी सकाळी एकदा जास्तीचे घासणे करावे, कारण आठवडाभर कोणी न वावरलेला रॅम्प सर्वांत निसरडा असतो.

कठडा दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर हवा : एक दांडी ७० ते ७६ सेंटिमीटरवर आणि दुसरी ८५ ते ९० सेंटिमीटरवर, गोल आणि मुठीत मावेल अशी. ती रॅम्पच्या दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटर पुढे यावी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात रंगवलेला साधा लोखंडी पाइप जोडांपाशी लवकर गंजतो आणि गंजलेली दांडी हात कापते. समुद्राच्या अगदी जवळ असाल तर स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ पेक्षा ३१६ हा प्रकार घ्यावा. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे तो मिठाला सहजासहजी दाद देत नाही. दर जास्त आहे, परंतु दर दोन वर्षांनी नवा कठडा करण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. किनाऱ्यापासून आत असलेल्या महाविद्यालयांना गरम जस्तलेपन केलेला पाइप पुरतो.

व्हीलचेअर स्वतः चालवणाऱ्या माणसाचे दोन्ही हात चाकांवर असतात, त्यामुळे तो छत्री धरू शकत नाही, ही साधी गोष्ट आराखडा काढताना कोणाच्याच लक्षात येत नाही. रॅम्पवर आणि गाडीतून उतरण्याच्या जागेवर छप्पर असणे ही म्हणून गरजच आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. रॅम्प इमारतीच्या उत्तरेला किंवा पूर्वेला घेता आला तर निम्मी झड आपोआप टळते, आणि तसे शक्य नसेल तर पत्र्याच्या पडवीला वाऱ्याच्या बाजूने पडदी द्यावी. एवढ्यासाठी रॅम्प मागल्या दाराशी, उपाहारगृहाच्या खरकट्यापाशी नेऊ नये. गाडी लावण्याची राखीव जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद असावी, म्हणजे दार पूर्ण उघडून खुर्ची बाजूला लावता येते.

दारे आणि उंबरठे

जुन्या इमारतींत वर्गांच्या दारांनाही लाकडी उंबरठे असतात. घराच्या उंबरठ्याविषयी आपल्या मनात जो भाव आहे तो वर्गखोलीच्या उंबरठ्याविषयी बाळगण्याचे कारण नाही. तो कापून काढावा. पाणी आत येण्याची भीती असेल तर दाराबाहेर जाळीचे अरुंद गटार करावे आणि दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी लावावी. दुपाखी (दोन झडपांच्या) दारांत एक पाख कायमची कडीबंद असते आणि उघडणाऱ्या पाखेतून जेमतेम ६० सेंटिमीटर वाट मिळते. अशा ठिकाणी वर्ग चालू असताना दोन्ही पाखा उघड्या ठेवाव्यात किंवा ९० सेंटिमीटरचे एकपाखी दार बसवावे. पावसात लाकूड फुगून दार घट्ट बसते आणि उभा माणूस ते खांद्याने ढकलतो. बसलेल्या माणसाला ते जमत नाही. म्हणून मे महिन्यात सुतार बोलावून दारे रंधून घ्यावीत आणि गोल मुठीऐवजी दाबून उघडणारी दांडी लावावी.

वरचे मजले

लिफ्ट नसलेल्या इमारतीत सर्वांत जलद आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे वेळापत्रक बदलणे. ज्या तुकडीत व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी आहे तिचे सर्व तास तळमजल्यावर घ्यावेत. त्या एकट्याला खाली बसवून टिपणे पाठवणे ही सोय नव्हे. परीक्षेची बैठकव्यवस्था आणि कार्यालयीन कामकाजही त्याला तळमजल्यावरच मिळावे. मात्र नदीकाठच्या गावांत तळमजल्याचा विचार जपून करावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणमध्ये तळमजले बुडाले, हे उदाहरण समोर आहे. अशा ठिकाणी पुराचा इशारा मिळताच या विद्यार्थ्यांना सर्वांत आधी घरी पोहोचवण्याची जबाबदारी नावानिशी ठरलेली असावी.

लिफ्ट बसवायची असेल तर आतील जागा १.५ × १.५ मीटर, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि बटणे ९० ते १२० सेंटिमीटर उंचीवर, ब्रेलसह असावीत. समोरच्या भिंतीवर आरसा असावा, म्हणजे आत वळायला जागा नसली तरी मागे पाहत बाहेर येता येते. आपल्याकडे दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाळ्यात झिरप लागते, म्हणून तो जलरोधक करून पंपाची सोय आधीच ठेवावी. आणि वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडेल असे बचाव-उपकरण बसवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. लिफ्ट असली तरी तळमजल्यावरचा एक वर्ग राखून ठेवावा, तो यासाठीच. आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून प्रत्येक वरच्या मजल्यावर जिन्याजवळ थांबण्याची सुरक्षित जागा ठरवावी आणि जिन्यावरून खाली आणणारी विशेष खुर्ची ठेवून ती कशी वापरायची हे निदान चार कर्मचाऱ्यांना शिकवावे.

शौचालय

शौचालयाची आतील जागा किमान २.२ × २ मीटर असावी. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत उघडणाऱ्या दारामागे कोणी पडले तर दार उघडता येत नाही. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर, म्हणजे खुर्चीच्या बैठकीएवढी असावी. कमोडच्या एका बाजूला ९० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी, जिथे खुर्ची लावून सरकता येते. त्या बाजूची आधाराची दांडी वर उचलता येणारी आणि भिंतीकडची दांडी पक्की हवी.

इथे चिऱ्याची भिंत अडचण करते. जांभ्यात साधे खिळे-बोल्ट धरत नाहीत, आणि पूर्ण वजन पडले की दांडी प्लास्टरसकट निघून येते. म्हणून भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन मागच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी किंवा त्या जागी भिंत फोडून काँक्रीटचा ठोकळा भरावा. दांडी बसवल्यावर एखाद्या धडधाकट माणसाने तिला लोंबकळून पाहावे.

बेसिन ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीवर, खाली गुडघे जातील असे मोकळे असावे. आपत्कालीन घंटीची दोरी जमिनीपर्यंत पोहोचावी, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. प्रवेश वेगळा आणि स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल असा ठेवला तर विद्यार्थिनीबरोबर वडील किंवा विद्यार्थ्याबरोबर आई मदतीला जाऊ शकते. किल्ली शिपायाकडे ठेवू नये आणि झाडू, बादल्या, जुने बाक यांचे कोठार तिथे होऊ देऊ नये. हे सांगावे लागते, कारण मी पाहिलेल्या दिव्यांग शौचालयांपैकी बहुतेकांचे कोठारच झालेले होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात : प्रयोगशाळेत व ग्रंथालयात निदान एक टेबल असे असावे, ज्याच्या खाली गुडघ्यांसाठी सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा मिळेल. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी असावी. अंध विद्यार्थ्यांसाठी रेघांच्या व ठिपक्यांच्या स्पर्शफरश्या बसवल्या तर त्यांवर दुचाकी उभ्या राहणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी इमारत, आवार आणि सुविधा सुगम कराव्यात असे अपेक्षित आहे. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती, आणि नियम जून २०१७ मध्ये निघाले असल्यामुळे ती मुदत केव्हाच संपली आहे. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढील उल्लंघनांना ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दिव्यांगांसाठीच्या सुगमतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, त्यांतील किमान भाग बंधनकारकच केला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाचीही उच्च शिक्षणसंस्थांसाठी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत.

विद्यार्थ्याने अर्ज करताना “सुविधा मिळाव्यात” एवढेच मोघम लिहू नये. कोणता तास कोणत्या खोलीत आहे, तिथे पोहोचायला किती पायऱ्या आहेत आणि तूर्त कोणता बदल चालेल, हे तारखेसह लिहून पोच घ्यावी. ठरावीक काळात उत्तर न आल्यास पुण्यातील राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. बहुतेक प्राचार्य एवढ्या स्पष्ट अर्जावर निदान खोली बदलून देतात, असा माझा अनुभव आहे. खोली बदलायला निविदा काढावी लागत नाही.

काम पुरे झाले हे ठरवण्याची तपासणी जुलैमध्ये, धो धो पाऊस पडत असताना करावी. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीने फाटकापासून वर्गात, तिथून शौचालयात, ग्रंथालयात आणि परत फाटकापर्यंत एकट्याने जावे. बांधकाम समितीने दहा पावले मागे राहून पाहावे आणि हात लावू नये. जिथे तिला थांबावे लागले किंवा कोणाला हाक मारावी लागली, ती जागा वहीत लिहून पुढच्या मे महिन्याच्या कामांच्या यादीत सर्वांत वर घ्यावी.